भटक्या कुत्र्यांचे जंत: साखळी नेमकी कुठे आणि कशी तोडायची

बांधकामासाठी आणून टाकलेला रेतीचा ढीग घ्या. रात्री त्यावर कुत्री झोपतात, कोपरा उकरून एखादी तिथेच व्यायते, आणि शाळा सुटली की मुलं त्याच रेतीत किल्ले बांधतात. पिल्लांची विष्ठा आठवडाभरात वाळून रेतीत मिसळते, दिसेनाशी होते. ती दिसायची बंद झाली की लोकांना वाटतं घाण गेली. खरं तर धोका तिथून सुरू होतो.

सोसायटीतले सात-आठ जण, गावातलं एखादं मंडळ किंवा ग्रामपंचायत हे काम हाती घेऊ शकते. खर्च फार नाही. पण कुठला जंत कुठे आणि किती दिवसांनी धोकादायक होतो हे समजून घेतलं नाही, तर फिनाईल ओतण्यात आणि कुत्री हाकलण्यात वर्ष निघून जातं.

तीन जंत, तीन वेगळी घड्याळं

गोलकृमी (टॉक्सोकारा) हा पिल्लांचा जंत. आईच्या पोटात असतानाच पिल्लांना त्याची लागण होते, नंतर दुधातूनही होते, म्हणून रस्त्यावरचं जवळपास प्रत्येक पिल्लू जंतांनी भरलेलं असतं. हातपाय काडीसारखे आणि पोट मात्र ढोलासारखं, ही खूण. एक मादी जंत दिवसाला लाखाच्या घरात अंडी घालते. ही अंडी विष्ठेतून पडल्या पडल्या लागण करत नाहीत. मातीत दोन ते चार आठवडे गेले की आत अळी तयार होते, मग ती वर्षानुवर्षं टिकतात. मुलाच्या तोंडात गेली की अळी आतड्यातून निघून यकृत, फुप्फुस, कधी डोळ्यापर्यंत भटकते. एका डोळ्याची नजर कायमची जाऊ शकते.

अंकुशकृमीचं घड्याळ जलद चालतं. ओलसर, सावलीतल्या मातीत अंडी एक-दोन दिवसांत फुटतात आणि आठवडाभरात अळी कातडीतून शिरायला तयार होते. अनवाणी पाय किंवा ओल्या वाळूवर टेकलेली मांडी तिला पुरते. कातडीखाली लाल, नागमोडी रेघ उमटते, रोज थोडी पुढे सरकते आणि असह्य खाजते. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर उघड्या अंगाने वाळूत लोळणाऱ्यांनी ही रेघ ओळखायला शिकावं. गजकर्ण समजून लावलेल्या मलमाने ती थांबत नाही.

तिसरा पट्टकृमी, एकायनोकॉकस. प्रौढ जंत जेमतेम तीन ते सहा मिलिमीटरचा, कुत्र्याच्या आतड्यात हजारोंनी असला तरी कुत्रं धडधाकट दिसतं. याची अंडी बाहेर पडतात तीच लागण करायला तयार असतात, वाट पाहावी लागत नाही. माणसाच्या पोटात गेली की यकृतात किंवा फुप्फुसात पाण्याने भरलेली गाठ वाढू लागते. गाठ इतकी सावकाश वाढते की त्रास जाणवेपर्यंत कित्येक वर्षं उलटलेली असतात.

या वेळापत्रकातूनच कामाची आखणी ठरते. पहिल्या दोन जंतांना रोज विष्ठा उचलून हरवता येतं, कारण त्यांना मातीत मुरायला वेळ लागतो. तिसऱ्याला नुसत्या सफाईने हरवता येत नाही. तो कुत्र्याच्या पोटात जाण्याआधीच अडवावा लागतो.

मटणाच्या दुकानामागे आणि जत्रेच्या मैदानात

पट्टकृमीची साखळी अशी: कुत्र्याच्या विष्ठेतली अंडी चाऱ्यावर पडतात, ती शेळी, मेंढी, गाय किंवा म्हैस खाते, तिच्या यकृतात आणि फुप्फुसात गाठी होतात, जनावर कापल्यावर गाठीचा भाग कुत्र्याला टाकला जातो, आणि सुमारे सहा आठवड्यांत ते कुत्रं नवी अंडी टाकू लागतं. माणूस या चक्रात मध्येच सापडतो.

इथे एक गैरसमज आधी दूर करायला हवा. गाठ असलेली कलेजी खाऊन माणसाला हा आजार होत नाही. माणसाला तो होतो कुत्र्याने टाकलेल्या अंड्यांमुळे. म्हणून "आम्ही नीट शिजवून खातो" किंवा "आम्ही शाकाहारी आहोत" यातलं काहीच संरक्षण देत नाही. खाटकाने खराब म्हणून बाजूला काढलेला तुकडा कुठे पडतो, यावर सगळं अवलंबून आहे.

गाठ ओळखायची कशी? यकृताच्या किंवा फुप्फुसाच्या पृष्ठभागावर पांढरट, जाड सालीचा, ताणलेला फुगा, लिंबाएवढा किंवा त्याहून मोठा. बोटाने दाबला तर आतलं पाणी जाणवतं. आतड्यावरच्या चरबीला लोंबणारी पातळ पाण्याची पिशवी दिसली तर ती बहुधा दुसऱ्या पट्टकृमीची असते, माणसाला तिचा धोका नाही. पण दुकानात उभं राहून हा भेद करत बसू नका. दोन्हींची विल्हेवाट एकाच पद्धतीने लावा. गाठ फोडू नका आणि गटारीत टाकू नका. "कुत्र्याच्या तोंडी जाईल, वाया तरी जाणार नाही" हा विचार तर मुळीच नको.

यात्रेत, कंदुरीला, म्हसोबाच्या बोकडाला एका दिवशी गावात पुष्कळ जनावरं कापली जातात आणि कुत्र्यांच्या झुंडी तिथे जमतात. वर्षभराची लागण त्या एका दुपारी होऊ शकते. म्हणून खड्डा आदल्या दिवशीच खणून ठेवा:

- विहीर, बोअर आणि ओढ्यापासून किमान ३० मीटर लांब, उंच जागी. पावसाचं पाणी साचेल अशी जागा नको.
- लांबी-रुंदी प्रत्येकी सुमारे १ मीटर, खोली दीड मीटर. जनावरं जास्त असतील तर रुंदी वाढवू नका, दुसरा खड्डा घ्या. रुंद खड्डा नीट झाकता येत नाही.
- टाकलेल्या भागावर किमान ६० सेंटिमीटर माती दाबून बसवा.
- वर बाभळीच्या काट्या आणि त्यावर दगड. हे टाळलं तर पहिल्याच रात्री कुत्री उकरतात, आणि खणायचे सगळे कष्ट वाया जातात.

चुना वास कमी करतो, तेवढ्यासाठी टाका. जंत मारण्यासाठी त्याच्यावर विसंबू नका.

ज्यांना कुत्र्यांना मांस घालायचंच आहे त्यांनी यकृत आणि फुप्फुस बोटभर जाडीचे तुकडे करून, पाण्याला खळखळून उकळी आल्यापासून ४० मिनिटं उकळावं. अख्खी कलेजी वरून शिजलेली दिसते आणि आत कोमटच राहते, त्यामुळे तुकडे करणं महत्त्वाचं. फुप्फुस हवेमुळे पाण्यावर तरंगतं, त्यावर झाकण किंवा वजन ठेवा.

दुकानदाराशी बोलताना दंडाची भाषा आधी नको. झाकणाचा एक ड्रम, कुत्र्याला तोंड घालता येणार नाही असा, आणि तो रोज कोण उचलणार हे ठरवून दिलं की बहुतेक जण ऐकतात. उघड्या टोपलीची सवय असते, हट्ट नसतो.

कुत्र्यांना औषध देणं

प्राझिक्वांटेल हे पट्टकृमीवरचं औषध. गोलकृमी आणि अंकुशकृमीसाठी पायरँटेल व फेबँटेल. तिन्ही एकत्र असलेली गोळी मिळते. नेहमीच्या गोळीत प्राझिक्वांटेल ५० मिग्रॅ, पायरँटेल पामोएट १४४ मिग्रॅ आणि फेबँटेल १५० मिग्रॅ असतं, आणि ती १० किलो वजनाला एक या हिशोबाने देतात. पाकिटावरचं प्रमाण वाचून घ्या, कारण मोठ्या कुत्र्यांसाठी वेगळ्या ताकदीच्या गोळ्याही विकल्या जातात. आपल्याकडचं धडधाकट गावठी कुत्रं साधारण १५ ते २० किलोचं, म्हणजे दीड ते दोन गोळ्या. वजन कमी धरण्याची चूक नेहमी होते आणि अर्धवट मात्रेने जंत उरतात. शंका असेल तर अर्ध्या गोळीपर्यंत वरच्या बाजूला जा.

मोहिमेआधी पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन यादी दाखवा. गाभण कुत्र्यांना ही एकत्रित गोळी विचारल्याशिवाय देऊ नये. जनावरांचं आयव्हरमेक्टिन इंजेक्शन कुणाच्या सांगण्यावरून टोचू नका. काही कुत्र्यांना, विशेषतः कोली जातीचा अंश असलेल्यांना, ते मेंदूवर घातक ठरतं. शाळेत वाटली जाणारी अल्बेंडॅझोलची गोळीही कुत्र्यांसाठी नाही.

प्रत्यक्ष देताना दोघं जण लागतात. एक देतो, दुसरा वहीत लिहितो.

सकाळी, कुत्री उपाशी असताना निघा. आधी प्रत्येकाला नुसता तुकडा टाका: उकडलेलं अंडं, कोंबडीचा उकडलेला तुकडा, तूप लावलेली भाकरी. तो गिळला की लगेच दुसरा, गोळी दडवलेला, आणि तिसरा हातात तयार दाखवत राहा. तिसऱ्याच्या आशेने कुत्रं दुसरा न चावता गिळतं. गोळीची पूड करून भातात कालवली तर कडू वासाने अर्धा भात तसाच राहतो, आणि कुणी किती खाल्लं ते कळत नाही. सगळ्यांना एका जागी घातलं तर टोळीतला दांडगा तिघांची गोळी खातो आणि भित्री मादी तशीच राहते. म्हणून एकेकाला वेगळं बोलावून द्या. दहा मिनिटं नजर ठेवा. कुत्रं गोळी गालात धरून नंतर थुंकतं, किंवा लगेच ओकतं. अख्खी गोळी ओकारीत दिसली तर पुन्हा द्या. दिसली नाही तर त्या दिवशी देऊ नका.

पिल्लांसाठी पातळ औषध घ्या. पायरँटेल-फेबँटेलच्या पिल्लांच्या औषधाचं नेहमीचं प्रमाण किलोला १ मिलि असतं. सुई काढलेल्या सिरिंजने गालाच्या कडेतून हळूहळू सोडा. घशात पिचकारी मारली तर ते श्वासनलिकेत जातं. दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या आणि आठव्या आठवड्यात, मग सहा महिन्यांचं होईपर्यंत महिन्याला एकदा, आणि पिल्लांबरोबर आईलाही. आई खायला गेली असतानाच पिल्लांना हात लावा. दुसऱ्या दिवशी विष्ठेत शेवयांसारखे पांढरे जंत पडलेले दिसतील. घाबरायचं नाही, औषध लागू पडलं. पोट फुगलेलंच राहिलं आणि ओकाऱ्या थांबत नसतील तर मात्र डॉक्टर गाठा.

मोठ्या कुत्र्यांना दर तीन महिन्यांनी एकत्रित गोळी. मटण मार्केटजवळची, कत्तलखान्याजवळची आणि मेंढपाळांच्या वाड्यावरची कुत्री यांना प्राझिक्वांटेल दर सहा आठवड्यांनी. गिळलेली गाठ सहा आठवड्यांत अंडी देणारा जंत होते, त्याच्या आत पुढची मात्रा पडली की ते कुत्रं सहसा अंडी टाकू शकत नाही. मेंढपाळ पाऊसकाळात गावी परततात तेव्हा आणि पुन्हा निघण्याआधी त्यांच्या कुत्र्यांना आठवणीने द्या. वाटेत गाठणं अवघड जातं.

औषधाने जंत मरतो, अंडी मरत नाहीत. उलट पुढचे दोन-तीन दिवस विष्ठा नेहमीपेक्षा जास्त धोक्याची असते. औषध देऊन विष्ठा न उचलणं म्हणजे पोटातली अंडी अंगणात आणून ओतणं. पाळीव आणि वाड्यावरच्या कुत्र्यांना ते दोन दिवस बांधून ठेवा. मोकळ्या कुत्र्यांच्या नेहमीच्या जागा या दिवसांत दोनदा फिरा.

विष्ठा उचलणं

रोज, सकाळी ऊन चढण्याआधी. रबरी हातमोजे, लांब दांड्याची सुपली, छोटं खुरपं, झाकणाची बादली. वाळलेली विष्ठा कोरडी झाडू नका, धूळ उडते आणि तोंडात जाते. आधी झारीने पाणी शिंपडा, मग विष्ठेखालची दोन बोटं मातीही खुरप्याने उचला. ६० सेंटिमीटर खोल खड्ड्यात पुरा किंवा जाळा. सोसायटीच्या खतटाकीत, गांडूळखतात किंवा परसबागेत टाकू नका. घरगुती खताचा ढीग अंडी मरण्याइतका तापत नाही.

फिनाईल, डेटॉल, पातळ ब्लीचिंग यांनी वास जातो, अंडी राहतात. त्यांना मारते ती उष्णता. फरशी, ओटा, जिना यावर विष्ठा उचलल्यानंतर उकळतं पाणी ओता, कोमट नव्हे. कडक ऊन फरशीवर चांगलं काम करतं, मातीत मात्र वरच्या थराखाली पोचत नाही.

रेतीचे ढीग रात्री ताडपत्रीने झाका आणि कडांवर विटा ठेवा. मुलांच्या खेळायच्या वाळूची वरची १५ ते २० सेंटिमीटर वाळू पावसाळ्यानंतर बदला. मैदानाच्या सावलीतल्या ओल्या कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीच्या गळतीखाली, अंकुशकृमीच्या अळ्या सर्वांत जास्त जगतात. गळती बुजवणं हाही जंतांवरचा इलाज आहे.

घरात

हात साबणाने घासून धुवायचे, नखांच्या खालून. साबण अंडी मारत नाही, सोडवून वाहून नेतो, म्हणून नळाच्या धारेखाली निदान २० सेकंद. मुलांची नखं आठवड्याला कापा. माती खाणाऱ्या मुलावर ओरडून उपयोग नाही. हिमोग्लोबिन तपासून घ्या, अनेकदा लोहाची कमतरता निघते.

कोथिंबीर, पालक, मुळा, गाजर कच्चं खायचं असेल तर मुळाकडचा भाग कापून, पानं सुटी करून तीन पाण्यांतून धुवा आणि शेवटी धारेखाली धरा. मिठाचं किंवा पोटॅशियम परमँगनेटचं पाणी अंडी मारत नाही. क्लोरीनचे थेंबही मारत नाहीत, ते जिवाणूंसाठी आहेत. कठडा नसलेल्या विहिरीचं पाणी उकळूनच प्या.

१० फेब्रुवारीला, राष्ट्रीय जंतनाशक दिनी, शाळेत-अंगणवाडीत मिळणारी अल्बेंडॅझोलची गोळी मुलांना जरूर द्या. पण ती माणसाच्या आतड्यातल्या जंतांसाठी आहे. पट्टकृमीच्या गाठीचा किंवा डोळ्यात शिरलेल्या अळीचा बंदोबस्त ती एक गोळी करत नाही.

डॉक्टरांना काय सांगायचं

मुलाला अधूनमधून ताप, खोकला किंवा दम्यासारखी धाप लागते, यकृत सुजलं आहे आणि रक्तात इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) वाढले आहेत, तर घराजवळ पिल्लं होती, मूल माती खायचं, हे न विचारताही सांगा. शौच तपासणी स्वच्छ आली म्हणून गोलकृमीची शंका सोडू नका. तो माणसात प्रौढ होत नाही, त्यामुळे शौचात अंडी सापडतच नाहीत. रक्ताची अँटिबॉडी तपासणी लागते. एका डोळ्याने कमी दिसणं, तिरळेपणा किंवा बाहुलीत पांढरट चमक दिसली तर त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञ.

पोटाच्या उजव्या बाजूला जडपणा असेल आणि सोनोग्राफीत पाण्याची गाठ दिसली, तर ती सुईने रिकामी करायची घाई कुणालाही करू देऊ नका. हायडॅटिडची (म्हणजे एकायनोकॉकस पट्टकृमीची) गाठ तयारीशिवाय फुटली तर जीवघेणी अ‍ॅलर्जी येऊ शकते आणि पोटभर नव्या गाठी रुजू शकतात. हे काम मोठ्या रुग्णालयातल्या शल्यचिकित्सकाचं.

आणि कुत्रं चावलं तर जंतांचा विचार बाजूला ठेवा. जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. औषधवाटपाला निघणाऱ्यांनी ती प्रतिबंधक म्हणून आधीच घेऊन ठेवावी.

कुत्री हाकलून का भागत नाही

रिकाम्या झालेल्या जागेत शेजारच्या वस्तीतली, औषध न मिळालेली कुत्री येतात. जमिनीतली अंडी तर जागचीच असतात. सर्वांत जास्त अंडी पिल्लं टाकतात, म्हणून नसबंदी हा जंतांवरचाही इलाज आहे. २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम नसबंदीनंतर कुत्रं मूळ जागी सोडायला सांगतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशातही नसबंदी, जंतनाशक आणि लस अशी तिन्ही कामं एकत्र नमूद आहेत. शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं यांच्या आवारासाठी ७ नोव्हेंबर २०२५ ला वेगळा आदेश झाला, त्यामुळे तिथल्या कुत्र्यांबाबत आधी पालिकेशी बोला. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला खाच असते. वहीत ती खूण, रंग, नर-मादी, अंदाजे वजन, मात्रा आणि तारीख लिहा, फोटो काढा. खाणं घालणाऱ्यांना विरोधक समजू नका. कुत्री ओळखणारी आणि त्यांच्या जवळ जाऊ शकणारी माणसं तीच असतात.

पहिली फेरी मे महिन्यात उरका. पाऊस पडून जमीन ओली झाली की अंकुशकृमीच्या अळ्या झपाट्याने वाढतात. तीन महिन्यांनी वस्तीच्या वेगवेगळ्या भागांतून दहा ताज्या विष्ठांचे नमुने, सुपारीएवढे, घट्ट झाकणाच्या डबीत, बर्फाच्या पिशवीबरोबर, त्याच दिवशी पशुवैद्यकीय प्रयोगशाळेत पाठवा. अहवालात "टीनिया प्रकारची अंडी" असं आलं तर एकायनोकॉकस धरूनच चाला. टीनिया हा दुसरा पट्टकृमी, आणि सूक्ष्मदर्शकाखाली दोघांची अंडी वेगळी ओळखता येत नाहीत. मग सफाईच्या आधी मटणाच्या दुकानामागचा ड्रम पुन्हा तपासा.